प्रश्न तुमचे : ऑइल प्रेशर हेलकावतंय, ट्रिपची वेळ वाढवू का?

प्रश्न : मोहोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनचं लुब ऑइल (वंगणाचं तेल) प्रेशर पॅनेलवर दोन बारवरून दीडवर येतं, पुन्हा चढतं. बगॅस (उसाची चिपाडं) नेणाऱ्या कॅरिअरचा वेग वाढवला की जास्तच. टर्बाइनजवळचा गेज मात्र दोनवर स्थिर. पॅनेलला दाबाचा सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर ० ते ४ बारचा आहे. अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड (तो सिग्नल वाचणारं) बदललं, फरक नाही. वरिष्ठ म्हणतात, ट्रिपची (दाब घसरल्यावर टर्बाइन आपोआप बंद होण्याची) वेळ दहा सेकंद वाढवा. काय करावं?

उत्तर : ट्रिपला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तेल खरंच गेलं तर हजारो आरपीएमवर फिरणाऱ्या रोटरच्या बेअरिंगचं बॅबिट (आतला मऊ धातूचा थर) दहा सेकंद वाट पाहत नाही. वरिष्ठांना हे माझं नाव सांगून दाखवा.

तुमचा गेज स्थिर आहे, म्हणजे तेल ठीक. कार्ड बदलूनही फरक नाही, म्हणजे संशय वायरीवर. या ट्रान्समीटरचे ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य बार, २० म्हणजे चार. दोन बारला १२ हवेत. दीड बार दिसतो तेव्हा कार्डाला १० मिळतात. वायर तुटली असती तर आकडा ४ च्याही खाली, थेट शून्याकडे गेला असता. तुमच्याकडे हेलकावा आहे, तोही कॅरिअरच्या वेगाबरोबर. मला तरी हा कॅरिअरच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा उपद्रव वाटतो.

सोलापूरच्याच एका कारखान्यात मी तीन रात्री असाच आकडा पाहत बसलो होतो. शेवटी जंक्शन बॉक्स उघडला. केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) तिथेही अर्थला जोडलेली आणि पॅनेलमध्येही. दोन्ही टोकांच्या अर्थमध्ये फरक असला की शील्डमधूनच प्रवाह वाहतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. शील्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे अर्थ करा. दुसरं टोक कापून टेप लावा. ड्राइव्हची पॉवर केबल आणि ही केबल एकाच ट्रेमध्ये असतील तर वेगळ्या करा.

हे काम चालू टर्बाइनवर नको. क्लीनिंगसाठी गाळप थांबलं की परवानगी घेऊनच करा. तेव्हाच फील्डच्या वायरी काढून कॅलिब्रेटरने (ठरावीक करंट देणाऱ्या उपकरणाने) कार्डाला १२ मिलिअँपिअर द्या. पॅनेलवर दोन बार स्थिर दिसला की कार्डाचा विषय संपला. नव्या कार्डाचा जंपर (इनपुट करंटचा की व्होल्टेजचा, हे ठरवणारी पिन) करंटवर आहे ना, तेही बघून घ्या. बहुतेक कार्डांत २५० ओहमचा रेझिस्टर असतो. त्यावर मीटर धरला तर १२ ला ३ व्होल्ट दिसले पाहिजेत.

जंक्शन बॉक्समध्ये भुसा दिसला तर मऊ ब्रशने काढा. हवा मारू नका, तो टर्मिनलच्या फटींत जातो आणि पाणी धरून ठेवतो.