कूलर, कॉल आणि हिरवा ठिपका

वाचक विचारतात

या खेपेला जवळपास सगळेच प्रश्न घरून काम करणाऱ्यांचे आले. पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात ऑफिसवाल्यांनाही घरून काम आठवतं म्हणा, पण हे लोक बारा महिने घरूनच काम करतात, ऑफिस पुण्यात, हैदराबादला नाहीतर पार अमेरिकेत. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न: मी मनीषनगरला राहते, पुण्याच्या कंपनीत टेस्टिंगला आहे, लॉकडाऊनपासून घरूनच काम. घरात सासू-सासरे, नवरा, दुसरीतला मुलगा. मी घरी आहे म्हणजे मोकळीच आहे असं सगळे धरून चालतात. सिलिंडरवाला आला की मी, कुरिअर आलं की मी, पाहुणे आले की चहा मीच. सासूबाई वाईट नाहीत हो, पण "तू बसूनच तर आहेस ना" हे दिवसातून एकदा तरी होतंच. मग राहिलेलं काम रात्री ११ ला उघडावं लागतं. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंनी आयुष्यभर काय पाहिलं, तर कामावर जाणारा माणूस सकाळी डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी दमून येतो. तुम्ही डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसता, त्यात ऑफिसचं काय आणि टाइमपास काय हे त्यांना कळणार कसं? त्यामुळे समजावत बसण्यापेक्षा काम दिसेल असं करा. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरून कामाचा एक मोठा प्रयोग केला होता, २०१५ साली तो छापून आला, त्यात भाग घ्यायची अटच ही होती की ड्युटीच्या वेळात घरात स्वतंत्र जागा पाहिजे. म्हणजे डायनिंग टेबलवाले आधीच बाद! तुमच्याकडे वेगळी खोली नसेलही, पण बेडरूम दिवसा रिकामीच असते ना, तिथे एक टेबल टाका आणि कॉलच्या वेळी दार लावून घ्या.

दुसरं म्हणजे "मला डिस्टर्ब करू नका" हे घरात चालत नाही, त्याने फक्त तोंडं फुगतात. त्याऐवजी फ्रिजवर रोजचा कागद लावा, साडेअकरा ते एक मी नाही, एक ते पावणेदोन मी आहे, मग चारपर्यंत नाही. नाही म्हणताना कधी आहे तेही सांगितलं की माणसं थांबतात, सासूबाईसुद्धा. सिलिंडरचा कोड ज्या नंबरवर येतो तो नंबर एजन्सीत सांगून सासऱ्यांचा करून टाका, ते घरीच असतात आणि त्यांना ते काम आवडेलही. आणि एक, तुमच्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख फक्त घरात कोण कोण आहे एवढ्यापुरता आलाय, तो मी दोनदा वाचला. पाहुण्यांचा चहा त्यांनाही येत असेल.

प्रश्न: मी त्रिमूर्तीनगरला असतो, टीम लीड आहे. ९ जणांची टीम, चार पुण्यात, दोघं इंदूरला, तिघं हैदराबादला. कंपनी म्हणते सगळ्यांच्या लॅपटॉपवर दर थोड्या वेळानं स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाका. मलाही कधी कधी वाटते का पोरं काम करून राहिले का झोपून राहिले कसं कळणार, चॅटवर ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसते तेवढाच. सकाळचा स्टँडअप, म्हणजे टीमचा रोजचा छोटा कॉल, १५ मिनिटांचा ठेवला होता, आता पूर्ण तास जाते, आणि बोलतो मी एकटाच, बाकी सगळे म्यूटवर. अशी टीम कशी चालवावी?

उत्तर: भाऊ, आधी त्या हिरव्या ठिपक्याचं बघू. माउस आपोआप हलवत राहणारं छोटं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं, ते लावलं की ठिपका दिवसभर हिरवा. हॉस्टेलमध्ये चादरीखाली उशा ठेवून वॉर्डनला फसवायचे ना, तसंच. स्क्रीनशॉटचंही तेच, कोडची खिडकी उघडी ठेवून माणूस गच्चीवर असू शकतो, आणि जो खरंच काम करतोय त्याचं बँकेचं पान, डॉक्टरचा रिपोर्ट, बायकोचा मेसेज त्या फोटोत येणार. अशानं आधी कोण सोडून जातं? ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते तो, म्हणजे तुमचा सगळ्यात कामाचा माणूस.

ही शंका तुमची एकट्याची नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या सर्वेक्षणात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही नीट काम करतोय, आणि ८५ टक्के बॉस म्हणाले की घर-ऑफिस असं मिश्र काम सुरू झाल्यापासून लोक खरंच काम करतायत याची खात्री वाटणं अवघड झालंय. दोन्ही बाजू खऱ्याच असणार, कारण मधे काम लिहिलेलं कुठेच नाही. ऑफिसात तुम्ही खुर्चीवर माणूस बघत होता आणि त्यालाच काम समजत होता, खुर्ची गेली आणि हाताशी काहीच उरलं नाही. स्वतःला एक विचारा, ठिपका न बघता मागच्या आठवड्यात प्रत्येकानं काय पूर्ण केलं ते सांगता येतं का? येत नसेल तर ते सॉफ्टवेअरही सांगणार नाही.

म्हणून काम देण्याची पद्धत बदला. आपल्याकडे काम असं दिलं जातं, "पेमेंटचं पेज जरा बघून घे ना". काय बघू, कधीपर्यंत, झालं म्हणजे काय झालं? समोर बसलेला पोरगा मान वर करून विचारतो, इंदूरचा पोरगा दोन दिवस अंदाज बांधत बसतो आणि तुम्हाला वाटतं झोपलाय. तेच असं लिहून बघा, "पेमेंट फेल झालं की ग्राहकाला मेसेज जात नाही, तो जायला हवा, यूपीआय आणि कार्ड दोन्हीला, गुरुवारी दुपारपर्यंत टेस्ट सर्व्हरवर टाक, अडलं तर बुधवारी ४ च्या आत मला सांग." लिहायला पाच मिनिटं जास्त जातात हे खरं. पण गुरुवारी दुपारी ते झालं की नाही हे कळायला ठिपका लागत नाही. आणि मुख्य म्हणजे बुधवारचे ४, कारण दूर बसलेला माणूस अडला तर सांगायला लाजतो, त्याला सांगायची वेळच ठरवून दिली की लाज निघून जाते.

आता स्टँडअप. तुम्ही धरून १० माणसं, रोज तास, पाच दिवस, म्हणजे आठवड्याचे ५० तास, सव्वा माणसाचा पगार नुसता ऐकण्यात चाललाय! साडेदहापर्यंत प्रत्येकानं ग्रुपवर तीन ओळी टाकाव्यात, काल काय संपलं, आज काय घेतलंय, कुठे अडलंय. कॉल फक्त अडलेल्यांचा, तोही ज्यांचा संबंध आहे त्यांचाच, आणि अख्ख्या टीमचा आठवड्यातून एक-दोनदा. सगळे म्यूटवर असतात कारण पहिलं तुम्ही बोलता, बॉसनं मत दिलं की बाकीच्यांना "हो सर" एवढंच उरतं. सगळ्यात ज्युनियरला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला, चार-पाच कॉल अवघडल्यासारखं होईल मग सवय होते. हैदराबादचे तिघं ऑफिसात एकत्र बसून कॉल घेत असतील तर तेही बंद करा, प्रत्येकाचा आपापला लॅपटॉप, नाहीतर ते आपसात हसतात आणि इंदूरवाल्यांना वाटतं आपल्यावरच हसले.

वाचलेल्या वेळातला थोडा प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलण्यात घाला, पंधरा दिवसांतून अर्धा तास, नऊ जणांचे मिळून साडेचार तास होतात. त्यात कामाची यादी काढू नका, ती लिहिलेली आहेच. घरी कसं चाललंय, कुठलं काम डोक्यात जातंय, पुढे काय करायचंय, हे विचारा. रागवायचं असेल तर फोन करा, चॅटवर नाही, चॅटवर तुमचा नुसता "ओके" आला तरी पोरगा रात्रभर त्याचा अर्थ लावतो. निर्णय मात्र तोंडी ठेवूच नका. गिटलॅब नावाची कंपनी आहे, तिला ऑफिसच नाही, सगळी माणसं जगभर घरून काम करतात, आणि तिथे कुठलं काम कसं करायचं हे एका हँडबुकात लिहिलेलं असतं, ते इंटरनेटवर कोणालाही वाचता येतं. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, एका शेअर केलेल्या फाइलीत तारीख, काय ठरलं आणि का ठरलं एवढं पुरे, नवीन माणूस आला की तीच फाइल त्याला द्या.

कंपनी स्क्रीनशॉटवर अडूनच बसली तर काय साठवणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे लेखी मागा आणि टीमला आधी सांगा. गुपचूप टाकू नका, कळतंच.

प्रश्न: कॉलवर लोक विचारतात नागपुरात पाऊस पडतोय का, तो आमचा कूलर असतो! आणि लाइट गेली की वाय-फाय पण जातं. उपाय?

उत्तर: आवाज मुख्यतः पंख्याचा असतो, पाण्याचा पंप बंद करून फार फरक पडत नाही. कॉलच्या आधी अर्धा तास फुल स्पीडवर खोली थंड करून घ्या, कॉल लागला की स्पीड एकवर. तोंडाजवळ माइकची दांडी येते तसला हेडसेट घ्या, लॅपटॉपचा माइक अख्ख्या खोलीचा आवाज गोळा करतो, आणि ॲपमधली आवाज गाळायची सोय चालू ठेवा. वाय-फायला राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात पण ॲडॅप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल हे बरेच जण विसरतात. मोबाइलचं सिम ब्रॉडबँडपेक्षा दुसऱ्या कंपनीचं ठेवा.

प्रश्न: कॅम्पसमधून लागलो, पहिलीच नोकरी, नरेंद्रनगरला आईबाबांकडे राहूनच काम करतो, कंपनी पुण्याची. आई खूश आहे पण मला वाटतं मी काही शिकत नाहीये, शंका विचारायला भीती वाटते, आणि बॉसला मी आठवत तरी असेन का?

उत्तर: भीती अगदीच खोटी नाही. वर सांगितलेल्या सीट्रिपच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले, पण तेवढंच चांगलं काम करूनही प्रमोशन मिळायचं प्रमाण कमी निघालं. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तर घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परत गेले, एकटेपणाला कंटाळून. याच कंपनीत पुढे आठवड्यातून दोन दिवस घरून असा प्रयोग झाला, २०२४ ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, त्यात प्रमोशनवर परिणाम दिसला नाही आणि सोडून जाणारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे पूर्ण वेळ घरी हे तुझ्या वयाला सगळ्यात महाग पडतं, तोंड दाखवणं थोडं तरी हवं.

तेव्हा बॉसला विचारून दर दोन-तीन महिन्यांनी एक आठवडा पुण्याला जाऊन बस. अजनीहून पुण्याला वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून आहे, दिवस जातो पण रात्रीच्या बसपेक्षा पाठ बरी राहते. शंका विचारताना "होत नाहीये" असं लिहू नको, काय करून बघितलं, काय एरर आला आणि तुला काय वाटतं हे लिही, असा प्रश्न कुणी मूर्ख म्हणत नाही. सीनियरला म्हण, तुम्ही काम करताना वीस मिनिटं स्क्रीन शेअर कराल का, मी नुसता बघतो. त्यातनं जे शिकशील ते कोर्समध्ये नसतं.

प्रश्न: बेसाला राहतो, क्लायंट कॅलिफोर्नियाचा. रोज रात्री साडेनऊचा कॉल, थंडीत तो साडेदहाचा होतो. मुलगी झोपलेली असते, बायको जेवण झाकून ठेवते. कंपनीला बोललो तर म्हणतात प्रोजेक्टच तसा आहे.

उत्तर: फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून ड्युटीनंतर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही, त्यामुळे तुम्हाला बोलणीच करावी लागणार. "कॉल नको" म्हणू नका, वाटून घ्या म्हणा. एक आठवडा त्यांच्या सकाळी ९ ला, पुढचा आठवडा त्यांच्या संध्याकाळी ६ ला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहा आणि थंडीत साडेसात. आठवड्यातले दोन कॉल तरी नुसते स्टेटसचे असतात, ते रेकॉर्ड करून पाठवा. आणि ज्या रात्री कॉल आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी ११ पर्यंत कॅलेंडर ब्लॉक करून टाका, विचारत बसू नका.

अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, म्हणून कॉल वाटून घेण्याचा मेल ऑक्टोबरमध्येच टाका. नंतर टाकला तर साडेदहाची त्यांना सवय झालेली असेल.