वाचकांचे प्रश्न : गाडीत बदल केलेत, विम्याचं काय?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच, मॉडिफाय केलेल्या गाडीचा विमा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : १५ इंची रिम काढून १६ इंची अलॉय बसवले. टायर १८५/६५ आर १५ होते, आता २०५/६० आर १६ आहेत. इंजिनाला हात लावलेला नाही. हेही विमा कंपनीला कळवायचं का?

उत्तर : हो. गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली त्याहून वेगळं जे काही, ते विम्याच्या दृष्टीने बदल. मग ते इंजिन असो की चाक.

तुमचेच आकडे मांडून बघू (१८५ म्हणजे टायरची रुंदी मिमीत, ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात). जुन्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी होता, नव्याचा ६५२.४ मिमी. वाढ ५ टक्के. स्पीडोमीटर मुळात अचूक धरला, तर काटा १००वर असताना गाडी १०५ने धावते आहे. चाक पूर्ण वळवलं, मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला, की टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो. याउलट १९५/५५ आर १६ घेतले असते, तर व्यास ६२०.९ मिमी आला असता. मूळ मापापासून जेमतेम ०.६ मिमी कमी. अजून बदलून मिळत असतील तर बदला. मात्र लोड इंडेक्स बघून घ्या. मूळ टायरवर ८८ (एका टायरला ५६० किलो) असेल, तर नव्यावर ८८ किंवा जास्तच हवा. १९५/५५ आर १६मध्ये ८७चे टायरही मिळतात. ८७ म्हणजे ५४५ किलो, आणि सर्व्हेअरला (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याला) हा आकडा टायरच्या कडेवर आयता वाचायला मिळतो.

दुसरी गोष्ट रिमच्या मागच्या बाजूला कोरलेली असते : ६जे, ईटी ४५ वगैरे. ६ म्हणजे रिमची रुंदी इंचात, ईटी म्हणजे गाडीला टेकणारा रिमचा भाग तिच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. ६ इंच रुंद, ईटी ४५च्या जागी ७ इंच, ईटी ३५ची रिम आली, तर बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर सरकते आणि आतली २.७ मिमी आत. बेअरिंगवर पडणारा ताण त्या बाहेर सरकण्याने वाढतो. टायरचं माप आणि रिमचे हे दोन्ही आकडे कंपनीला लिहून द्या. नुसतं ‘अलॉय बसवले’ एवढ्याने काही कळत नाही.

प्रश्न : ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप केला आहे, म्हणजे त्यातला प्रोग्रॅम बदलला आहे. बाहेरून काहीच दिसत नाही. मग सांगितलं नाही तर कळणार कसं?

उत्तर : मोठा अपघात झाला, की गाडीला स्कॅनर लागतो. प्रोग्रॅमचा कॅलिब्रेशन आयडी आणि त्याचा पडताळणी क्रमांक निदानाच्या सॉकेटमधून वाचता येतात, आणि ते उत्पादकाच्या नोंदीशी जुळले नाहीत की प्रश्न सुरू होतात. बऱ्याच ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला हेही मोजलेलं असतं. सर्व्हिसच्या आधी जुनी फाइल परत टाकणारे एक गोष्ट विसरतात : जुनी फाइल टाकणं हेही एकदा लिहिणंच.

पण मुद्दा पकडलं जाण्याचा नाही. प्रपोजल फॉर्मवर ‘वाहनात बदल केले आहेत का’ या रकान्यात तुम्ही ‘नाही’ लिहून सही केलेली असते. विम्याचा करार परम सद्भावावर, म्हणजे काहीही न लपवता सांगण्यावर, चालतो. कंपनीने जोखीम मोजली ती तुमच्या त्या उत्तरावरून. उत्तर चुकीचं निघालं तर क्लेम नाकारण्याची किंवा कापण्याची वाट तुम्हीच करून दिली, आणि काही ठिकाणी पॉलिसीच रद्द होते. तिऱ्हाइताची भरपाई कंपनीला कायद्याने द्यावी लागली, तरी ती नंतर तुमच्याकडून वसूल करण्याची तरतूद बऱ्याच देशांत आहे.

कळवताना डायनोचे (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) दोन कागद जोडा, रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा. ताकद आणि टॉर्क, दोन्हींचे आकडे हवेत. ताकद वाढली आणि ब्रेक जुनेच राहिले, तर कंपनी त्यावर बोट ठेवणार, आणि ते रास्तच आहे. आणखी एक गैरसमज : रिमॅपमुळे पिस्टन किंवा टर्बो गेला, तर तो खर्च नेहमीच्या अपघात विम्यात मुळातच येत नाही. तुम्ही रिमॅप कळवलेला असला तरीही नाही.

प्रश्न : कंपनीला नेमकं काय लिहायचं? फोनवर सांगितलं तर ‘नोंद घेतली’ म्हणाले.

उत्तर : फोनवरची नोंद क्लेमच्या दिवशी सापडत नाही. ईमेल करा आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी, हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. प्रत्येक बदलाला एक ओळ, अशी :

‘लोअरिंग स्प्रिंग, चारही चाकं, उंची ३० मिमी कमी, बसवल्याची तारीख, बसवणाऱ्या वर्कशॉपचं बिल सोबत, त्यानंतर व्हील अलाइनमेंटची छापील नोंद सोबत.’

‘सस्पेन्शन अपग्रेड’ असं लिहू नका. त्यातून सर्व्हेअरला पाहिजे तो अर्थ काढता येतो. फोटो चारही कोपऱ्यांचे, चासी क्रमांकाचा, ओडोमीटरचा आणि प्रत्येक सुट्या भागावरच्या क्रमांकाचा. नोंदणीच्या कागदात बदल करून घ्यावा लागेल असं काही असेल (रंग, इंधन, इंजिन, आसनसंख्या), तर आधी ते काम उरका. नोंदणीत पेट्रोल आणि डिकीत गॅसची टाकी, अशा गाडीला एंडोर्समेंट मिळाली तरी ती टिकायची नाही. तुमच्याकडे कायद्यानेच मना असलेल्या बदलाचंही तेच.

कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागा आणि कोणत्या बदलामुळे ते विचारा. पुष्कळदा अडचण एकाच वस्तूची असते. आणि कळवायचं ते बसवण्याच्या आधी. बसवल्यानंतर नकार आला, तर ते काढून टाकेपर्यंत तुम्ही विम्याविना हिंडत असता.

प्रश्न : अपघातात अलॉय आणि प्रोजेक्टर हेडलाइट गेले. दोन्ही कळवलेले होते. तरी पैसे साध्या रिमचे आणि साध्या लाइटचे मिळाले. हे कसं?

उत्तर : कारण कळवणं वेगळं आणि विमा उतरवणं वेगळं. कळवल्याने क्लेम नाकारला जात नाही, इतकंच. वस्तूची किंमत पॉलिसीत ॲक्सेसरीच्या रकान्यात स्वतंत्र लिहिली नसेल आणि तिच्यावर प्रीमियम भरलेला नसेल, तर भरपाई कारखान्याच्या मूळ भागाइतकीच. तुमची पुरवणी काढून बघा. वस्तूसमोर रक्कम आहे का? नसेल तर भांडून उपयोग नाही. असेल तर बिल दाखवून पुन्हा दावा करा. अर्थात घसारा वजा होईलच.

गाडीवर खूप खर्च झाला असेल, तर ठरलेल्या मूल्याची (गाडीची किंमत आधीच ठरवून लिहिलेली) पॉलिसी जिथे मिळते तिथे तीच घ्यावी असं आमचं मत. टोटल लॉसमध्ये (गाडी दुरुस्तीपलीकडे गेली तर) बाजारभाव धरला, तर लावलेल्या पैशातला फारच थोडा परत येतो. अशा वेळी सॅल्व्हेज, म्हणजे मोडकी गाडी, स्वतःकडे ठेवता येईल का, हे पॉलिसी घेतानाच विचारा. निदान अलॉय आणि सीटा तरी वाचतात.

प्रश्न : हेडलाइटचे मूळ एच४ बल्ब काढून १००/९० वॉटचे लावले. वायरिंग जळाली. क्लेम होईल?

उत्तर : कठीण दिसतं. मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा. हाय बीमवर १२ व्होल्टला तो ५ अँपिअर घेतो, तुमचा ८.३ घेतो. तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच तार जवळपास पावणेतीनपट तापते. आधी कपलर (तारांचा प्लास्टिकचा जोड) मऊ पडतो, मग काळा. जळालेला कपलर सर्व्हेअरला सगळं सांगतो, त्यामुळे तो फेकून देऊ नका. तुमच्या बाजूचा पुरावा असला तर तोही तिथेच आहे. ताकदीचे दिवे लावायचेच असतील, आणि तुमच्याकडे त्यांना परवानगी असेल, तर रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), थेट बॅटरीवरून जाड तार आणि त्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज. ॲम्प्लिफायरलाही हाच नियम. फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरपाशी लावणारे पाहिलेत. मधल्या सगळ्या तारेला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही.

प्रश्न : जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने काय काय बदललं ते ठाऊक नाही.

उत्तर : ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरचं मूळ माप आणि हवेचा दाब लिहिलेला स्टिकर असतो. तिथून सुरुवात करा. मग बॅटरीच्या प्लसवर कारखान्याच्या तारांखेरीज काय जोडलंय ते मोजा, इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जोड शोधा, स्प्रिंगचा रंग आणि त्यावरचा क्रमांक बघा, इंजिन क्रमांक नोंदणीशी ताडा. लिफ्टवर एक तास पुरतो. सापडलेलं सगळं लिहून कळवा. ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर दिसणाऱ्या बदलाला चालत नाही. अलॉय कुणाच्याही नजरेस पडतात.

थोडक्यात उत्तरं. सीट कव्हर कळवायची गरज सहसा नसते, पण सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्या बाजूची शिवण उघडणारंच कव्हर घ्या. बुलबार (गाडीच्या पुढे बसवलेला धातूचा बार) मात्र कळवाच. चासीला बोल्ट केलेला बार धडकेचा जोर चुरडण्यासाठी ठेवलेल्या भागाला वगळून थेट आत पोचवतो आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते. आमचा सल्ला विचाराल तर काढून टाका. ट्रॅकवर वेळ लावून गाडी पळवणार असाल, तर रोजच्या पॉलिसीत तो दिवस सहसा धरलेला नसतो, रोल केज (गाडीच्या आतला संरक्षक सांगाडा) असला तरी.