२१,५०० रुपयांचा फोटो प्रिंटर आणि महिन्याचे तीस फोटो

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, मी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिना ३८,००० येतात, घरखर्च २८,००० च्या आसपास. गेल्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला आणि मुलीचे दोन वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून महिन्याला पंचवीस-तीस फोटो छापून अल्बममध्ये लावायचं मनात आहे. सासूबाईंना फोनवर नीट दिसत नाही, त्यांना फोटो हातात लागतो. नवी पेठेतल्या दुकानात सहा रंगांचा फोटो प्रिंटर २१,५०० ला सांगितलाय, बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. रोख घेतला तर हजार रुपये कमी. लॅबमध्ये ४×६ च्या फोटोला १० रुपये पडतात. सॉफ्टवेअर तर फुकटच मिळतं. शेजारपाजारच्यांना पासपोर्ट फोटो करून दिले तर हप्ता सुटेल असं वाटतं. नाहीतर मुलीच्या अकरावीसाठी चालू असलेली आरडी मोडू का? अडीनडीला म्हणून बँकेत ४५,००० आहेत. मुलांच्या प्रोजेक्टच्या प्रिंट आणि झेरॉक्सवर महिना २०० जातात.

उत्तर: ताई, हा प्रिंटर घेऊ नका. हप्त्यावर तर नकोच, आणि आरडी मोडून मुळीच नको. फोटो मात्र याच महिन्यापासून छापायला लागा. त्यासाठी महिना ३०० रुपये बाजूला काढा आणि तो खर्च उधळपट्टी समजू नका. सासूबाईंच्या हातात नातीचा फोटो द्यायचा असेल तर घरच्या अंदाजपत्रकात त्याला जागा असायलाच हवी.

आता प्रिंटरचा हिशोब. चांगला ग्लॉसी ४×६ कागद शेकड्याने घेतला तरी एक साधारण ४ रुपयांना पडतो. शाई दीड-दोन रुपयांची धरू. कधी कागद तिरका जातो, कधी रंग बिघडतो, म्हणून दहातला एक फोटो वाया जाणार. म्हणजे घरचा फोटो ७ रुपयांना पडला. लॅबपेक्षा वाचले ३ रुपये. २१,५०० रुपये ३ रुपयांनी वसूल करायचे तर सात हजारांहून जास्त फोटो छापायला लागतील. तुम्ही वर्षाला ३६० छापणार, म्हणजे जवळपास वीस वर्षं. अशा प्रिंटरची वॉरंटी साधारण वर्षाची असते.

तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत असते तर वर्षाचं व्याज झालं असतं १,४०० रुपये. मुद्दलाला हात न लावता वर्षाला १४० फोटो लॅबमधून आले असते.

बिनव्याजी हप्त्याबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या आड दडलेलं असतं. तुमच्या बाबतीत रोखीची हजार रुपयांची सूट जाते, तेच व्याज समजा. वर प्रोसेसिंग फी वेगळी. क्रेडिट कार्डावरचे हप्ते असतील तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. ४५,००० म्हणजे तुमच्या घराचा दीड महिन्याचा खर्च. टॉवेलच्या ऑर्डरी कमी झाल्या की कारखान्यात पाळ्या कमी होतात, हे मिस्टरांना मी सांगायला नको. अशा घरात किमान चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १,१२,००० रुपये, हाताशी पाहिजेत. ते जमेपर्यंत दरमहा १,८०० रुपयांचा नवा हप्ता डोक्यावर घेणं मला पटत नाही. प्रिंटरचा हप्ता म्हणून जे १,८०० द्यायची तुमची तयारी होती, त्यातले ३०० फोटोंना आणि १,५०० या शिलकीत टाका. आरडी ज्या कामासाठी काढली त्याच कामाला जाऊ द्या. मुदतीआधी मोडली तर व्याजही कापून मिळेल.

पासपोर्ट फोटोच्या धंद्यावर फार विसंबू नका. पासपोर्टसाठी सेवा केंद्रातच फोटो काढतात, चार वर्षांखालच्या मुलांचा तेवढा न्यावा लागतो. आधारचाही तिथेच निघतो. स्पर्धा परीक्षांचे अर्ज ऑनलाइन झालेत, त्यात फोटो अपलोड करायचा असतो. कागदी फोटो लागतो तो शाळाप्रवेशाला, बँकेत आणि अशा काही किरकोळ कामांना. आठ फोटोंचे ४० रुपये घेतले आणि तुमचा खर्च १० गेला तर एका गिऱ्हाइकामागे ३० उरतात. १,८०० चा हप्ता सुटायला महिन्याला साठ गिऱ्हाइकं हवीत, रोजची दोन. ती तुमच्या शिकवणीच्याच वेळेला दारात येतील. शेजारी पैसे द्यायला कुरकुरतील ते वेगळंच. शिकवणीला आणखी दोन मुलं घेतलीत तर याहून जास्त मिळेल, आणि त्यासाठी काही विकत घ्यायला नको.

आता फुकट सॉफ्टवेअर. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे, आणि तिचा फायदा घ्यायला घरी प्रिंटर असावा लागत नाही.

फोनचा फोटो साधारण ४:३ प्रमाणात असतो आणि लॅबचा कागद ६:४ म्हणजे ३:२. तसाच दिला की मशीन वरखालचा भाग कापतं, आणि ग्रुप फोटोत मागे उभ्या राहिलेल्या काकांचं डोकं जातं. विंडोजमध्ये फोटो निवडून उजवं क्लिक करून प्रिंटवर गेलात तर खाली फोटो चौकटीत बसवायची एक टिक असते. ती ठेवली की हेच होतं, काढली की कडेला पांढरी पट्टी राहते. त्यामुळे फोटो आधी घरी कापून घ्यावा. त्यासाठी मी इरफानव्ह्यू हे फोटो पाहायचं-कापायचं सॉफ्टवेअर सुचवेन. छोटं आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं, १९९६ पासून चालू आहे. त्यात ३:२ ची चौकट धरून काय ठेवायचं ते आपण ठरवायचं.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये पॅनोरमा नावाची एक सोय आहे, दोन फोटो एकमेकांना जोडायची. ४×६ चा कागद मधोमध कापला तर ३×४ चे दोन तुकडे होतात, म्हणजे बरोबर फोनच्या फोटोचं प्रमाण! दोन उभे फोटो शेजारी शेजारी जोडा, किंवा दोन आडवे एकाखाली एक, आणि लॅबला एकच फाइल द्या. १० रुपयांत दोन फोटो आले, एकाही फोटोचं काही न कापता. घरी स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन मधून कापायचं. अल्बमला हा आकार पुरतो. सासूबाईंसाठी मोठा हवा तो पूर्ण ४×६ मध्ये काढा. म्हणजे ३०० रुपयांत महिन्याला दहा मोठे आणि चाळीस छोटे फोटो येतील. अशी बचत तुमच्या सहा रंगांच्या प्रिंटरनेही होणार नव्हती.

पासपोर्ट आकाराचंही तसंच. ३५×४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४×६ कागदावर बसतात. घरच्यांचे एकदा मांडून लॅबमधून १० रुपयांत काढून आणा, वर्षभर पुरतील. एक लक्षात ठेवा, इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे. पैसे घेऊन काम केलंत तर परवाना घ्यावा लागतो. गिम्प हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर धंद्यालाही फुकट आहे, पण शिकायला वेळ लागतो.

चांगल्या ४×६ फोटोला १८०० गुणिले १२०० पिक्सेल लागतात. कुठल्याही आजच्या फोनमध्ये ते सहज असतात. अडचण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची असते, कारण तिथे फोटो आकसतो. नातेवाइकांना सांगा की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

घरी छापताना आणखी एक त्रास होतो, तो गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, फोटोंत लगेच दिसतो. अक्षता सोहळ्याला सगळे पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यात. प्रिंटरला कागदाचा प्रकार साधा सांगितला आणि आत ग्लॉसी ठेवला की ती बाराबंदी निळसर नाहीतर गुलाबी निघते, चेहरेही काळवंडतात. सेटिंगमध्ये ग्लॉसी फोटो पेपर निवडला की बरंच सुधारतं, पण ते जमेपर्यंत चार-सहा कागद जातात. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! चाळिशीपार कोरड्या उन्हात प्रिंटर पंधरा दिवस बंद राहिला की नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, सुकतात. मग ती मोकळी करायला हेड क्लीनिंग करायचं, त्यात शाई जाते आणि तिचा एकही फोटो होत नाही. महिन्याला तीसच फोटो छापणाऱ्या घरात हा खर्च हमखास होतो. लॅबमध्ये केमिकलवर धुतलेला प्रिंट मिळत असेल तर तोच मागा. घरच्या प्रिंटरच्या बऱ्याच शाया पाण्याच्या थेंबाने पसरतात आणि भिंतीवरच्या उन्हाने विटतात.

एक मुद्दा तुमच्या पत्रात आला नाही. गेल्या वर्षी जे गेलं ते प्रिंटर असता तरी वाचलं नसतं. शेकडो फोटोंतले तीस छापले, बाकीचे फोनवरच राहिले असते. म्हणून आधी एक हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या, या प्रिंटरपेक्षा कितीतरी कमी पैशांत येतो, आणि दर महिन्याला फोटो त्यात उतरवा. गुगल फोटोजची बिनमर्यादा फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीपर्यंतच फुकट, त्यातच ईमेलही. त्यामुळे एक प्रत तिथे, एक घरी. फोटो निवडायचं काम महिन्याच्या एका रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून करा. कुठला फोटो मोठा काढायचा ते त्याच सांगतील.

आता प्रिंटर कधी घ्यावा ते सांगते. तुमच्याकडे झेरॉक्सचे २०० जातात, त्यातले घरी छापून १२५ वाचतील, वर्षाचे १,५००. फोटोंचे वाचणारे ३ रुपये धरले तर आणखी हजारभर. चार रंगांचा, स्कॅनर असलेला साधा इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायचा, प्रिंटर १३,००० च्या आसपास मिळतो. तो पाच वर्षांत वसूल होईल, म्हणजे जेमतेम. पण स्कॅनर कामाचा आहे: घरच्या जुन्या अल्बममधले, काळे-पांढरे, एकच प्रत असलेले फोटो त्यावर उतरवता येतात. तरी सध्या ते काम लॅबमध्ये होतं का विचारा आणि मोजकेच दहा-वीस करून घ्या.

दिवाळीपर्यंत एका वहीत दोन आकडे लिहीत जा: महिन्याला किती फोटो छापले आणि झेरॉक्सला किती गेले. झेरॉक्सचा आकडा सातत्याने ४०० च्या वर राहिला आणि अडीनडीची शिल्लक लाखाच्या पुढे गेली, तर चार रंगांचा प्रिंटर रोखीने घ्या, घासाघीस करून. सहा रंगांच्या वाटेला तेव्हाही जाऊ नका.