एखादा चित्रपट पाहून आपल्याला मोटरसायकल चालवण्याची आवड लागली का, आणि ती पुढे टिकली का?

होय, लागली आणि आजवर टिकली. चित्रपटाचे नाव ‘ईझी रायडर’. डेनिस हॉपर यांनी दिग्दर्शित केलेला आणि पीटर फोंडा यांची निर्मिती असलेला हा चित्रपट १९६९ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. मी तो बऱ्याच उशिरा, १९८०च्या दशकात कॉलेजात शिकत असताना, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. त्याआधी मोटरसायकल हे माझ्या लेखी घरून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी नेणारे वाहन होते. त्यावर बसून नुसते जात राहणे हा एखाद्या माणसाच्या दिवसाचा मुख्य उद्योग असू शकतो, ही कल्पना मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा आली.

या चित्रपटाची कथा चार ओळींत सांगून होते. वायट आणि बिली हे दोन मित्र अमली पदार्थांच्या एका व्यवहारातून आलेला पैसा पेट्रोलच्या टाकीत लपवून लॉस एंजेलिसहून निघतात, कारण त्यांना मार्डी ग्राच्या उत्सवासाठी न्यू ऑर्लिन्सला पोहोचायचे असते. वाटेत त्यांना माणसे भेटतात, जॅक निकल्सन यांनी साकारलेला जॉर्ज नावाचा वकील त्यांच्याबरोबर निघतो आणि शेवट भयंकर होतो. पण माझ्या मनात घर केले ते या घटनांनी नव्हे, तर घटनांच्या मधल्या लांबलचक, निःशब्द प्रवासदृश्यांनी. त्या काळी वाहन चालवण्याची दृश्ये बहुधा स्टुडिओत, मागे पडद्यावर सरकता रस्ता दाखवून उरकली जात. छायाचित्रकार लास्लो कोवाच (हे मूळचे हंगेरीचे, १९५६च्या उठावानंतर देश सोडून आलेले) यांनी मात्र खऱ्या रस्त्यावर, धावत्या गाडीतून, खऱ्या उन्हात चित्रीकरण केले आणि सूर्यकिरण थेट भिंगात शिरून चित्रावर जी वर्तुळे उमटतात, तीही काढून न टाकता तशीच राहू दिली. त्यावर आधीच बाजारात आलेल्या रेकॉर्डमधली गाणी लावली. त्या मिनिटांत कोणी बोलत नाही आणि कथा इंचभरही पुढे सरकत नाही. वाळवंट मागे पडते, लाल खडकांचे सुळके जवळ येतात, पुढे दक्षिणेतली दमट हिरवळ सुरू होते आणि दोन माणसे शेजारी-शेजारी चाललेली असतात. दिग्दर्शकाने रस्त्याला दिलेला हा वेळ हेच माझ्या आवडीचे मूळ आहे.

एक दृश्य मी इतक्या वेळा आठवले आहे की त्याची चौकट डोळे मिटूनही दिसते. वायटच्या मोटरसायकलचे मागचे चाक पंक्चर होते आणि ते दोघे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात थांबून ते दुरुस्त करतात. त्याच वेळी, त्याच चौकटीत, शेतकरी आपल्या घोड्याला नाल ठोकत असतो. एकीकडे खूर, दुसरीकडे चाक. दोन्हीकडे वाकलेली माणसे, हातात हत्यार, तोंडाने फारसे बोलणे नाही. पुढे ते सगळे जण त्या शेतकऱ्याच्या मोठ्या कुटुंबाबरोबर अंगणातल्या टेबलावर जेवायला बसतात आणि वायट त्या माणसाच्या स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या कष्टाने चाललेल्या संसाराबद्दल मनापासून आदर व्यक्त करतो. बंडखोरीचा चित्रपट म्हणून गाजलेल्या या कलाकृतीतला मला सर्वांत प्रिय भाग हा असा घरगुती आहे. आपले वाहन आपल्या हातांनी दुरुस्त करणे हा प्रवासाचाच भाग आहे, हे मी तिथे शिकलो.

मोटरसायकलींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यांच्याबद्दल जे सांगितले जायला हवे होते ते बरीच वर्षे सांगितले गेले नाही. या गाड्या म्हणजे पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या, सुमारे १२०० सीसीच्या व्ही-ट्विन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या) हार्ले-डेव्हिडसन होत्या. त्यांचे चॉपरमध्ये, म्हणजे लांब फोर्क आणि उंच हँडल लावून हवी तशी बदललेल्या मोटरसायकलीत, रूपांतर करण्याचे काम क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी प्रामुख्याने पाहिले. व्हॉज हे नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते होते, तर हार्डी यांचे लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचे गॅरेज होते. तारे आणि पट्टे रंगवलेली ती टाकी, पुढचे चाक धरणारा चकाकता लांब फोर्क आणि उंच हँडल जगभर पोस्टरवर झळकले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र या दोघांची नावे नाहीत. ही गोष्ट मला कळली तेव्हा फार वाईट वाटले आणि आजही कोणी या चित्रपटाचा विषय काढला की मी आधी त्यांची नावे घेतो. चित्रीकरण संपता संपता बहुतेक गाड्या चोरीला गेल्या, त्यामुळे मूळ गाडी कोणती, याचे वाद संग्राहकांमध्ये पुढे बराच काळ चालले. चालवण्याच्या दृष्टीने पाहिले तर वायटची गाडी अवघडच म्हणावी लागेल: पुढे ब्रेक नाही, मागे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर नाही आणि फोर्क इतका पुढे कललेला की सरळ रस्त्यावर गाडी स्थिर धावते, पण हळू वेगात वळवताना जड पडते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरळसोट रस्त्यांसाठी ती ठीक. आपल्या घाटांत तिचे काम नाही.

आपल्याकडे तेव्हा हार्ले कोठून मिळणार? नोकरी लागल्यावर मी एक जुनी बुलेट ३५० घेतली. मद्रासच्या तिरुवोत्रियूरच्या कारखान्यातून आलेली, उजव्या पायाकडे गिअर असलेली. ती सुरू करण्याची रीत आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर फिटरकाकांनी मला शिकवली. “किकशी मारामारी करायची नाही, काट्याकडे बघ,” असे ते म्हणत. चावी फिरवून किक सावकाश दाबत जायची. पॉइंट (ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क) मिटलेले असताना विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा डावीकडे कललेला असतो, तो मध्यावर येऊन थांबला की कॉम्प्रेशनची जागा सापडली असे समजायचे. मग सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, दांडी सोडायची, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि शरीराचे सगळे वजन टाकून एकच किक मारायची. हे सगळे नीट जमले तर गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि मग सिंगल सिलिंडरचा तो संथ ठोका पोटात जाणवू लागतो. त्याच काकांनी मला पॉइंट घासायला, प्लगवरचा कार्बन पाहून पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा अंदाज घ्यायला आणि रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलायला शिकवले. गोठ्यातल्या त्या दृश्याचा अर्थ माझ्या हातांना कळला तो त्यांच्याकडे.

तेव्हापासून मी ज्या पद्धतीने प्रवास करतो ती थेट या चित्रपटातून आलेली आहे. मी ताशी ६० किलोमीटरच्या आसपास चालवतो, कानात गाणी लावत नाही आणि शक्य तेथे जुने राज्यमार्ग पकडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, याचे मला कधीच दुःख झाले नाही. ताम्हिणी घाटातून माणगावला उतरून पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जाणे हा माझा सर्वांत आवडता मार्ग आहे. त्या वाटेवर दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीशी रस्ता संपतो आणि गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे धोपाव्याला न्यावी लागते. बोट येईपर्यंत धक्क्यावर उभे राहून इंजिन थंड होताना होणारी टिकटिक ऐकत बसणे हे मला कोणत्याही हॉटेलातल्या विश्रांतीपेक्षा सुखाचे वाटते.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत नातेवाइकांकडे गेलो असताना भाड्याच्या मोटरसायकलीवरून ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ ते मॉन्युमेंट व्हॅली हा चित्रपटातला टप्पा चालवता आला. चित्रपट जे सांगू शकत नाही ते तिथे कळले: बाजूने येणारा वारा गाडीला सतत ढकलत असतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरही खांदे भरून येतात, आणि दूरवर दिसणारे ते लाल सुळके किती तरी वेळ जवळ येतच नाहीत. आपल्याकडे दर दोन-चार किलोमीटरवर वस्ती, चहाची टपरी, निदान एखादा मैलाचा दगड तरी भेटतो. तिथल्या त्या मोकळेपणाची आधी भीती वाटते आणि मग हळूहळू त्याची सवय होते.

हा चित्रपट केवळ मौजेचा नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. मोटेलचा मालक या दोघांना पाहताच जागा नसल्याची पाटी पेटवतो. लुइझियानातल्या खानावळीत गावकरी त्यांची निर्भर्त्सना करतात आणि त्याच रात्री जॉर्ज मारला जातो. त्याआधी शेकोटीजवळ जॉर्ज सांगत असतो की स्वातंत्र्याच्या गप्पा मारणे वेगळे आणि प्रत्यक्ष स्वतंत्र असणे वेगळे, आणि खरोखर स्वतंत्र माणूस दिसला की लोक घाबरतात. कॉलेजात असताना मला हे संवाद थोडे भाषणासारखे वाटले होते. पुढे एकट्याने प्रवास करताना, परक्या गावात लोकांच्या नजरा आपल्यावर कशा रोखल्या जातात हे अनुभवले आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा, अनोळखी माणसाने अंगणात गाडी लावू देऊन जेवायला बसवले, तेव्हा त्या संवादांचे आणि शेतकऱ्याच्या टेबलाचे, दोन्हींचे मोल कळले.

आपण हा चित्रपट पाहणार असाल तर मोबाइलवर पाहू नये. शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात पाहावा. त्यातल्या नायकांप्रमाणे डोके उघडे ठेवून मात्र कधीही गाडी चालवू नये. चांगले हेल्मेट घ्यावे. आणि पहिल्याच लांबच्या प्रवासाला निघताना मुक्कामाचे आरक्षण इतके घट्ट करू नये की फेरीबोट चुकली तर जीव कासावीस व्हावा.