क्लास बरोबर, तरी अक्षर ठळक का होत नाही?

प्रश्न: मी वेबसाइटसाठी टेलविंड वापरते, म्हणजे तयार क्लासची (रूप ठरवणाऱ्या छोट्या नावांची) सीएसएस चौकट. मराठी मजकुराचा फॉन्ट तिरो देवनागरी मराठी आहे. फॉन्ट-मीडियम दिलं तर काहीच फरक पडत नाही आणि फॉन्ट-सेमीबोल्ड दिलं की जोडाक्षरं काळी पडतात. मोठ्या शीर्षकात वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात, ते वेगळंच. माझं काय चुकतंय?

उत्तर: क्लास तुम्ही बरोबर लिहिलेत. फॉन्ट-मीडियम ब्राउझरकडे ५०० जाडी मागतो, सेमीबोल्ड ६००. पण तिरोमध्ये साधं आणि तिरपं एवढंच आहे. जाडी एकच, ४००. म्हणून ५०० मागितलं की ब्राउझर निमूटपणे ४०० देतो. ६०० मागितलं की मात्र तो तेच अक्षर स्वतः फुगवून ठळक करतो. रोमन अक्षरांत हे एक वेळ खपतं. आपल्या ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘द्ध’च्या पोटातली जागा मुळातच चिंचोळी, ती बुजते. माझ्या पहिल्या मराठी साइटवर मी दोन दिवस क्लासच बदलत बसले होते, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतेय.

लेखाचा मजकूर तिरोतच राहू द्या, सलग वाचायला तो फार सुंदर आहे. शीर्षकांना मुक्ता हा फॉन्ट घ्या. त्यात २०० ते ८०० अशा सात जाड्या आहेत. तिथेही ६०० हवी असेल तर ती लोड केलेली हवी, नाहीतर पुन्हा तेच फुगवणं. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ‘फॉन्ट-सिंथेसिस: नन’ लिहून ठेवा. मग ठळक मिळालं नाही तर अक्षर साधं दिसेल, पण विद्रूप होणार नाही.

आता वेलांट्या. टेलविंडचे आकाराचे क्लास ओळीची उंचीही ठरवतात. टेक्स्ट-५एक्सएल म्हणजे ४८ पिक्सेल आणि ओळीची उंची १ पट, म्हणजे तेवढीच. वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असलेल्या लिपीला हे पुरत नाही. सोबत लीडिंग-स्नग द्या (लीडिंग म्हणजे ओळीची उंची), म्हणजे उंची अक्षराच्या आकाराच्या १.३७५ पट होईल. टेलविंडच्या तिसऱ्या आवृत्तीत एक खोच आहे: मोठ्या पडद्यासाठी क्लासच्या आधी ‘एमडी’ लावून आकार बदललात, तर तो आधीची लीडिंग पुसतो. तिथे लीडिंगलाही ‘एमडी’ लावा. तपासताना शीर्षक दोन ओळींचं घ्या, वर ‘कुटुंब’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्ती’ येईल असं.