वाचकांचे प्रश्न : सुतारकामाचे फोटो

प्रश्न : निवृत्तीनंतर मी छंद म्हणून सुतारकाम शिकलो. नुकतीच सागवानाची एक लहान पेटी केली आणि तिचे डव्हटेल जोड (पारव्याच्या शेपटीसारख्या खाचांचे कोपऱ्याचे जोड) पहिल्यांदाच मनासारखे बसले. मोबाइलवर फोटो काढून आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर पेटी नारिंगी आणि अगदी सपाट दिसते. एका सदस्याने तर "सनमायका लावलाय का?" असे विचारले. चांगला कॅमेरा विकत घ्यावा का?

उत्तर : कॅमेरा घेण्याआधी पेटी खिडकीपाशी न्या. आपण पाठवलेल्या फोटोत दोन प्रकारचे उजेड मिसळले आहेत, वरून पिवळ्या बल्बचा आणि मागून ट्यूबलाइटचा. पिवळ्या बल्बचे रंगतापमान साधारण २७०० केल्व्हिन असते, तर दुपारच्या उजेडाचे ५५०० केल्व्हिनच्या आसपास. समोरच्या दृश्यात पांढरे काय असावे, याचा मोबाइल अंदाज बांधतो आणि त्यावरून बाकीचे रंग ठरवतो. चौकटभर मुळातच सोनेरी-तपकिरी लाकूड असेल, तर अंदाज बांधायला त्याच्यापुढे पांढरे असे काही उरतच नाही. म्हणून खोलीतले सगळे दिवे बंद करावेत, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशेजारी पेटी ठेवावी आणि पहिला फोटो काढताना तिच्याजवळ एक कोरा पांढरा कागद असू द्यावा. नंतर मोबाइलच्याच एडिटमध्ये तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंगाचा उबदारपणा कमी-जास्त करावा आणि तेच माप त्या बैठकीतल्या बाकीच्या फोटोंना लावावे. रंगाची तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरच मिटते.

सपाटपणाचे कारण वेगळे आहे. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला खेटून असतो, त्यामुळे उजेड जिथून पडतो तिथूनच आपण पाहतो आणि सगळ्या सावल्या वस्तूच्या मागे दडतात. लाकडाचा पोत तर सावल्यांतूनच दिसतो. फ्लॅश बंद करून उजेड एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासत जाईल असा येऊ द्या, म्हणजे डव्हटेलच्या प्रत्येक खाचेची कड उठून दिसेल. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल, तर तिच्यासमोर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा. तेवढा परतलेला उजेड पुरतो. एक इशारा मात्र द्यायला हवा, की हा तिरपा उजेड कोणाचीही भीड ठेवत नाही. ज्या फळीला मी निर्धास्तपणे तेल लावले होते, तिच्या फोटोत ८० नंबरच्या पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे पावसाच्या तिरक्या सरींसारखे दिसले आणि ती फळी मला पुन्हा घासायला घ्यावी लागली. तेव्हापासून फिनिश लावण्यापूर्वी मी प्रत्येक फळी बाजूने टॉर्च धरून तपासतो. फोटोसाठी शिकलेली ही गोष्ट मला कामातच जास्त उपयोगी पडली.

राहता राहिला आपल्या फोटोत फुगलेला दिसणारा पेटीचा पुढचा कोपरा. तो आपल्या करवतीचा दोष नसून अंतराचा आहे. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते. चौकट भरण्यासाठी आपण अगदी जवळ जातो, त्यामुळे जवळचा कोपरा मोठा आणि मागची बाजू लहान दिसते. दोन मीटर मागे सरकून दुप्पट झूम वापरावा आणि मोबाइल पेटीच्या मध्याच्या उंचीवर, न झुकवता धरावा. वरून झुकून काढलेल्या फोटोत उभ्या कडा खाली निमुळत्या होतात आणि गुण्यात (काटकोनात) बसलेली पेटीही वाकडी वाटते. स्क्रीनवरच्या ग्रिडच्या रेषा चालू ठेवल्या, की हे तिथल्या तिथे लक्षात येते.

आणि हे सगळे करण्यापूर्वी भिंग पुसा. कामाच्या जागी मोबाइलवर भुसा आणि सरसाच्या बोटांचे ठसे असतातच. आधी फुंकर मारून भुसा उडवावा आणि मगच मऊ सुती कापड फिरवावे, म्हणजे कणांनी भिंगावर चरे पडणार नाहीत.

प्रश्न : मोबाइलवर फोटो अगदी स्वच्छ दिसतो, पण गटावर टाकला की लाकडाचा ग्रेन (रेषांची नक्षी) पुसल्यासारखा होतो. माणसांचे फोटो मात्र तेवढे खराब होत नाहीत. शिवाय कॉम्प्युटरवर घेतल्यावर काही फोटो आडवे होतात, तर काही उघडतच नाहीत. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. बहुतेक फोटो जेपेग या पद्धतीने साठवले जातात. हिचे मानक १९९२ सालचे आहे. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, झपाट्याने बदलणारे तपशील प्रथम गाळले जातात, कारण डोळ्याला त्यांची उणीव कमी जाणवते. चेहऱ्यावर असे तपशील थोडे असतात. लाकडाचा ग्रेन म्हणजे मात्र जवळजवळ तेवढेच असते. व्हॉट्सॲपसारखे ॲप फोटो लहान करते आणि पुन्हा दाबते, तेव्हा त्याची पहिली झळ नेमकी रेषांनाच बसते. तोच फोटो एकाकडून दुसऱ्याकडे जात पुनःपुन्हा साठवला गेला, तर दर खेपेला थोडे आणखी हरवते.

यावर दोन उपाय आहेत. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो. तो जसाच्या तसा टाकण्याऐवजी आपणच आधी नको असलेला भाग कापावा, लांब बाजू १६०० ते २००० बिंदू ठेवावी आणि मगच पाठवावा, म्हणजे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे यंत्राऐवजी आपण ठरवतो. पूर्ण तपशील हवाच असेल, तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा. तसा पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते. जोडाचा फोटो मात्र वेगळा, जवळून काढलेलाच हवा. सबंध कपाटाच्या फोटोत कुसवाची (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभेची) फट शोधायला लावणे, हे पाहणाऱ्यावर अन्याय करणारे आहे.

फोटो आडवा होण्यामागे मोबाइलची एक सवय आहे. तो चित्र बऱ्याचदा सेन्सरवर पडले तसेच साठवतो आणि ते कोणत्या बाजूने उभे करायचे याची नोंद फाइलमध्ये करून ठेवतो. काही प्रोग्रॅम ही नोंद वाचतच नाहीत. फोटो एडिटमध्ये उघडून किंचित कापून नव्याने सेव्ह केला, की बहुतेक वेळा तो सरळ होतो. न उघडणारे फोटो बहुधा एचईआयसी प्रकारचे असावेत. २०१७ पासून आयफोन जागा वाचवण्यासाठी हा प्रकार वापरतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडल्यास पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात.

प्रश्न : मी स्टूल बनवते आहे. पूर्ण झाल्यावर एकच छानसा फोटो टाकावा, की मधल्या टप्प्यांचेही टाकावेत? एका पायाच्या कुसवाजवळ फट राहिली होती, ती मी पाचर मारून भरली. तोही फोटो टाकावा का?

उत्तर : मधल्या टप्प्यांचे फोटो अवश्य टाकावेत, आणि फटीचा तर आधी टाकावा. तयार स्टुलाच्या फोटोखाली "सुंदर" यापलीकडे कोणी फारसे लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखे त्यात काही हाती लागत नाही. जोड कसा केला, हे सरस लावताच कायमचे झाकले जाते. म्हणून सरस लावण्यापूर्वी सगळे भाग कोरडेच जुळवून पाहाल, तेव्हा एका जोडाचे कुसू अर्धे आत आणि अर्धे बाहेर ठेवून फोटो काढून घ्या. कुसवाची जाडी, खांदा कुठे टेकतो, पेन्सिलीच्या खुणा आणि पटाशीची साफ किंवा खडबडीत कड हे सगळे त्या एकाच फोटोत येते. शेजारी स्टीलची पट्टी ठेवली, की आकाराबद्दलचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. लाकूड कोणते, जाडी किती आणि फिनिश कोणते, हे फोटोसोबत दोन ओळींत लिहावे. फिनिशच्या बाबतीत कोरडी फळी आणि तेल लावलेली फळी शेजारी शेजारी ठेवून, एकाच उजेडात काढलेला फोटो कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

फट भरल्याचे तीन फोटो असावेत. पहिल्यात फट, दुसऱ्यात पाचर बसवताना आणि तिसऱ्यात रंधा मारून सपाट केल्यावर. पाचरीचा ग्रेन पायाच्या ग्रेनच्या दिशेने ठेवला होता का, हे जाणकार हमखास विचारतील. तो दिसेल इतक्या जवळून फोटो घ्यावा. मला विचाराल, तर शिकणाऱ्याला नीट जमलेल्या दहा स्टुलांपेक्षा असा एक फोटो अधिक देऊन जातो. मात्र आधीच सांगून ठेवावे, की आपल्याला कौतुक हवे आहे की चूक शोधून हवी आहे; पाहणारा त्याप्रमाणे लिहितो.

यंत्र चालू असताना एका हाताने फोटो काढणे मात्र कटाक्षाने टाळावे. स्विच बंद करावा, पाते पूर्ण थांबू द्यावे, लाकूड पुन्हा जागेवर ठेवावे आणि मग फोटो घ्यावा.

प्रश्न : माझी कामाची जागा घरातच आहे. फोटोवरून पत्ता कळतो का?

उत्तर : कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर कळू शकतो. फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळेसोबत अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवल्यास ही माहिती निघून जाते. वर सुचवल्याप्रमाणे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मात्र ती तशीच राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केले, की पुढचे फोटो निर्धोक होतात. जुने फोटो पाठवताना आयफोनमध्ये शेअरच्या पडद्यावरील 'ऑप्शन्स'मधून लोकेशन काढता येते. मागच्या खिडकीतून दिसणारी इमारतीच्या नावाची पाटी मात्र कोणत्याही सेटिंगने जात नाही. त्यासाठी पेटीमागे एखादी करडी चादर टांगावी.