घरबसल्या नर्सिंगची नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे, खासगी दवाखान्यात सहा वर्षं ड्युटी केली. आता बाळ लहान आहे. नेटवर ‘रिमोट नर्स’च्या डॉलरमधल्या पगाराच्या जाहिराती दिसतात. बऱ्याच ठिकाणी अर्ज केले, पण साधं उत्तरही येत नाही. (परळी)

उत्तर : त्या जाहिराती बहुतेक अमेरिकेतल्या परिचारिकांसाठी असतात. तिथं पेशंट ज्या राज्यात असेल, त्या राज्यात चालणारं लायसन्स लागतं. त्यासाठी एनक्लेक्स-आरएन परीक्षा द्यावी लागते आणि कंपन्या सहसा अमेरिकेत राहणारीच व्यक्ती घेतात. फॉर्ममधला लायसन्सचा रकाना रिकामा राहिला की अर्ज तिथंच बाद होतो. तुमच्या अनुभवात खोट आहे असं नाही.

परळीत बसून करण्यासारखी कामं दोन प्रकारची. एक, भारतातल्या पेशंटशी फोनवर बोलण्याचं : मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण, ऑपरेशननंतरची विचारपूस. दुसरं कागदाचं : विम्याचे क्लेम तपासणं, मेडिकल कोडिंग (म्हणजे आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं). शोधताना ‘टेलिहेल्थ नर्स’, ‘केअर कोऑर्डिनेटर’, ‘पेशंट एज्युकेटर’, ‘क्लेम प्रोसेसिंग’ असे शब्द टाका. क्लेमच्या बऱ्याच जागांवर बीएएमएस, बीएचएमएस उमेदवार मागतात, म्हणून पात्रतेची ओळ आधी वाचा. ट्रेनिंगसाठी सुरुवातीचे महिने पुण्याला किंवा हैदराबादला राहावं लागेल का, हेही पहिल्याच फोनवर विचारून घ्या. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच.

प्रश्न : बायोडाटात ‘स्टाफ नर्स, ५ वर्षे’ एवढंच लिहिते. आणखी काय लिहायचं? (लातूर)

उत्तर : एवढ्यावरून तुम्ही काय करू शकता ते कळत नाही. वॉर्ड कोणता, खाटा किती, रात्री एकटीवर किती पेशंट, डॉक्टर नसताना कोणता निर्णय तुम्ही घेत होता ते लिहा. ‘३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड, नाईट ड्युटी, इन्सुलिन चार्ट आणि डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना समजावणं’ ही ओळ फोनवरच्या कामाला नेमकी लागू पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या फायली तयार केल्या असतील, तर ते ठळक लिहा. प्रीऑथ (उपचाराआधी घ्यायची मंजुरी) म्हणजे काय, कोणता रिपोर्ट नसला की क्लेम अडकतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना क्लेमच्या कामात वेगळं शिकवावं लागत नाही. मराठीबरोबर दखनी वळणाची हिंदी येत असेल तर तीही नोंदवा, मराठवाड्यातल्या पेशंटशी बोलायला ती लागते.

अर्ज खरा अडकतो तो नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि लग्नानंतरचं नाव तिसरंच. पडताळणी करणाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नाव बदलाची नोंद सोबत जोडा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. तारीख उलटली असेल तर आधी तेवढं उरका, मग अर्ज करा.

प्रश्न : फोनवरच्या मुलाखतीत काय विचारतात? (हिंगोली)

उत्तर : बहुतेकदा एखादा पेशंट समोर ठेवतात. समजा, फोनवर माणूस म्हणतो, “सिस्टर, जीव घाबरा व्हायलाय.” आपल्याकडे या एका वाक्यात साखर कमी होण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत सगळं मावतं. पहिला प्रश्न आजाराचा विचारू नका. आत्ता कुठं आहात, जवळ कोण आहे, हे विचारा, कारण फोन कधीही कटू शकतो. ऊसतोडीच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं. फायलीत पत्ता वडवणीचा असतो आणि माणूस कर्नाटकातल्या फडावर. तुम्ही इथून १०८ लावलात तर फोन महाराष्ट्राच्या केंद्रात जाईल, म्हणून तिथल्याच कुणाला तरी लावायला सांगायचं.

मग घाम, छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, बोलताना लागणारी धाप. यातलं काही असेल तर पुढची प्रश्नावली सोडा, ॲम्ब्युलन्स बोलवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं असेल आणि साखर ७०च्या खाली असेल, माणूस शुद्धीवर असेल, त्याला गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगा.

दुसरा हमखास प्रश्न : सात महिन्यांची गरोदर बाई, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी. “पॅरासिटामॉल घ्या, आराम करा” म्हटलं की मुलाखत संपली. बीपी १४०/९० किंवा वर असेल तर धोका आहेच, पण घरी मशीन नसलं तरी तिला लगेच दवाखान्यात पाठवायचं. शिवाय औषध लिहून देणं हे मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरचं काम. मुलाखत घेणारा तुम्ही ती हद्द ओलांडता का, तेच पाहत असतो.

प्रश्न : मेडिकल कोडिंगचा क्लास लावावा का? (नांदेड)

उत्तर : आधी परीक्षा समजून घ्या. कोडिंगच्या सीपीसी या अमेरिकी प्रमाणपत्र परीक्षेत १०० प्रश्न, वेळ ४ तास, पास व्हायला ७० टक्के, आणि कोडची पुस्तकं सोबत नेता येतात. पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढे ‘सीपीसी-ए’ म्हणजे शिकाऊ असा शिक्का राहतो. ‘पास झालात की घरून नोकरी पक्की’ असं सांगणारा क्लास टाळा. नवख्यांना सुरुवातीला ऑफिसातच बसवतात.

प्रश्न : आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. (धाराशिव)

उत्तर : मोबाइल-लॅपटॉप तग धरतात, बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा. अमेरिकेच्या वेळेचं काम असेल तर तिथल्या पूर्व किनाऱ्याचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. पेशंटशी बोलताना दार बंद आणि हेडफोन कानाला. त्याचा आजार शेजारच्या खोलीत ऐकू जाता कामा नये.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर मुलाखत झाली, ऑफर लेटरही आलं. आता लॅपटॉपसाठी आठ हजार डिपॉझिट मागतात. (जालना)

उत्तर : भरू नका. भरले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम बँकेत अडवणं अवघड. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत त्यांच्याकडे गेली असेल तर तेही तक्रारीत लिहा. यापुढे अशी प्रत पाठवताना तिच्यावर कंपनीचं नाव आणि तारीख आडवी लिहून पाठवत जा.